ग्राफिक्स कार्डाचा कूलर आणि नणंदेचे पाहुणे

लग्न ठरलं तेव्हा मला सांगण्यात आलं होतं, की मुलाचा फोटोग्राफीचा व्यवसाय आहे. लग्न झाल्यावर कळलं, की अर्धा व्यवसाय मुलाचा आहे आणि उरलेला अर्धा माझ्या वाटणीला ठेवलेला आहे. आमचे हे लग्नांचं शूटिंग करतात. म्हणजे ड्रोन उडवतात, पंगतीत आग्रहाचं जेवतात, नवरदेवाच्या मित्रांबरोबर खिदळतात आणि घरी येऊन मेमरी कार्डं माझ्या हातात ठेवतात. मग हळदीपासून पाठवणीपर्यंतचा तो सगळा पसारा कापायचा, जोडायचा, काळवंडलेल्या करवल्या उजळायच्या, गाणी चढवायची आणि फिल्म तयार करायची. हे बसल्या जागेचं काम असल्यामुळं कोल्हारच्या आमच्या घरात त्याला काम म्हणायची पद्धत नव्हती.

त्यासाठी कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड लागतं. चित्रांचं जड ओझं ओढणारा तो भाग. ओढताना तापतो, म्हणून त्याच्या अंगावरच दोन छोटे पंखे असतात. आमच्या ह्यांनी ते कार्ड नगरहून जुनं आणलं. "एकदम कंडिशनमध्ये आहे," म्हणाले. कोणत्या कंडिशनमध्ये, ते विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि ह्यांनी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा मी रेंडरला लावलं, म्हणजे कापाकापी संपवून पूर्ण फिल्म तयार व्हायला सोडली, तेव्हा खिडकीत निजलेलं मांजर उठून थेट गोठ्यात गेलं. डाळिंबावर औषध मारायचा ब्लोअर कुणीतरी खोलीत आणून चालू करावा, तसा तो आवाज.

सासरे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. उसाचा रस काढणाऱ्या मिलच्या शेजारी त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळं जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल अंतिम मत त्यांचं असतं. त्यांनी दारात उभं राहून कान दिला आणि निकाल सांगितला, "बेरिंग गेलंय. तेल घाला."

"नाना, त्यात तेल घालत नाहीत," मी म्हणाले.

"अगं, चाळीस टनाच्या मिलला आमी तेल घालायचो. ही तर काडेपेटी हाय."

मी भाकरी थापायला गेले तेवढ्यात त्यांनी सासूबाईंच्या शिलाई मशीनचं तेल त्या काडेपेटीला पाजलं. पंख्यानं ते स्वतःकडं न ठेवता उदार मनानं सगळीकडं वाटलं. मॉनिटरवर, भिंतीवर, आणि बेलापूरच्या एका नवरीच्या अल्बमवर. आवाज होता तसाच राहिला. नानांच्या मते त्यात पुष्कळ फरक पडला होता.

आवाजाबद्दल सगळ्यात जास्त तक्रार सासूबाईंची. "गिरनी लावली का काय घरात?" असं रोज. मग त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या. तो ऐकू येऊ नये म्हणून मी हेडफोन चढवायची. मला हाक ऐकू जात नाही म्हणून त्या स्वयंपाकघरातून आरोळी ठोकायच्या. त्यांच्या आरोळीनं गोठ्यातल्या गाई हंबरायच्या. आमचे हे मात्र शूटिंगला बाहेर असायचे, त्यामुळं त्यांचं म्हणणं पडायचं, की आवाज इतका काही नाही.

असंच चाललं असतं. पण फेब्रुवारीत नणंदेला बघायला राहुरीकडचे पाहुणे आले.

नणंद माझ्याहून लहान. बी. फार्म. झालेली, श्रीरामपूरला एका मेडिकल दुकानात नोकरी करते. स्कूटीवर रोज जाते-येते. पाहुणे रविवारी येणार म्हणून घर सारवल्यासारखं आवरलं. त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाला संध्याकाळच्या पूजेला नातेवाइकांना दाखवायला फिल्म हवी होती. सकाळची वीज गेलेली. ती आली नेमकी पाहुण्यांची जीप अंगणात शिरताना. रेंडर लावला नाही तर फिल्म होणार नव्हती, म्हणून मी लावला, खोलीचं दार लावून घेतलं आणि पोह्यांचं ताट घेऊन हॉलमध्ये गेले. दाराला त्या आवाजाचं काही वाटलं नाही. तो आरपार आला.

मुलगा, त्याची आई आणि मामा असे तिघं होते. प्रश्न विचारायचं काम मामांकडं होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवत नणंदेला विचारलं, "धारा काढता येत्यात का?"

नणंदेला त्यातलं फक्त 'येत्यात का' ऐकू गेलं असावं. तिला वाटलं गाडी विचारतायत. ती म्हणाली, "हो, रोज श्रीरामपूरला जाते ना."

मामा विचारात पडले. धारा काढायला श्रीरामपूरला जाणारं हे घर त्यांना नवीन होतं. तोवर मुलाच्या आईनं सासूबाईंकडं वळून विचारलं, "उंची किती हो?"

"पाच," सासूबाई तत्परतेनं म्हणाल्या. त्यांच्या लेखी पाहुणे शेतीच विचारतात. "त्यातलं दीड विहिरीखाली."

बाईंनी नणंदेकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. कुठलं दीड विहिरीखाली असेल, याचा त्या अंदाज घेत असाव्यात. मला हसू आवरेना म्हणून मी चहा आणायला पळाले. परत आले तर नाना मामांना मोठ्यानं बेरिंगबद्दल सांगत होते आणि मामा मान डोलवत 'व्हय, व्हय, आमच्याकडं पण दोन एकर' म्हणत होते. मुलगा मोबाईलमध्ये बघत बसला होता. सगळ्या बैठकीत गैरसमज न झालेला तो एकटाच, कारण तो काही बोललाच नाही.

दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पोहे चांगले होते, पण त्या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही.

सासूबाईंनी हे मनाला लावून घेतलं. नणंदेनं नाही. ती खिडकीशी उभी राहून केस विंचरत म्हणाली, "वहिनी, तुमच्या पंख्याला एक नारळ फोडते मी." पण आईसमोर तिनं तसं म्हणणं शक्य नव्हतं. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी आमच्या ह्यांना फर्मान सोडलं, "त्या डबड्याचा आवाज बंद कर, न्हाईतर डबडं बंद कर. माझी पोर घरात ऱ्हायची त्याच्यापायी."

"आई, त्याला वेगळा कूलर मिळतो. मोठा. आवाज न करणारा," मी म्हणाले.

"मंग आना की."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नानांनी हॉलमधला वाळ्याच्या पडद्याचा कूलर ढकलत ढकलत माझ्या खोलीत आणला, त्यात पाणी ओतलं आणि कॉम्प्युटरच्या तोंडापुढं उभा केला. मी प्लग काढेपर्यंत पहिला गार शिंतोडा कॅबिनेटवर आला होता. तो कूलर वेगळा आणि मी म्हणते तो वेगळा, हे समजावून सांगायला मला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. "कूलर म्हंजे कूलर," नाना म्हणाले आणि रागावून तो परत हॉलमध्ये न्यायचं काम त्यांनी मला दिलं.

मग निवड सुरू झाली. दुपारची भांडी झाली, की मी मोबाईलवर माहिती काढत बसायची. कार्डावरचे मूळ पंखे छोटे, म्हणून भराभरा फिरतात, म्हणून किंचाळतात. ते काढून टाकायचे. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा मोठा गठ्ठा बसवायचा, त्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्यावर मोठे, संथ फिरणारे पंखे. इतकी सोपी गोष्ट. पण ती सांगणारे सगळे लोक एसी लावलेल्या खोलीत बसून सांगत होते. एकानं आवाज मोजायला माईक धरला आणि म्हणाला, हा पंखा कुजबुजीपेक्षा हळू आहे. कुणाची कुजबुज, ते त्यानं सांगितलं नाही. आमच्या सासूबाई कुजबुजतात तेव्हा शेजारच्या वस्तीवरून उत्तर येतं. आणि खोलीचं तापमान त्याच्याकडं माघातलं. आमच्याकडं एप्रिलमध्ये पत्र्याखाली बसून काम करायचं, वर कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चोथ्याची, काळी राख आणि नगर-मनमाड रस्त्याची धूळ. यातलं कशाचंच माप कुठल्या तक्त्यात नव्हतं.

आमच्या ह्यांनी एका नजरेत कूलर पसंत केला. तीन पंखे, आणि प्रत्येकाच्या कडेनं रंगीबेरंगी दिवे.

"अहो, दिवे कशाला?"

"छान दिसतं. गिऱ्हाईक आलं की इम्प्रेशन पडतं."

"गिऱ्हाईक माझ्या खोलीत येतं कधी? आणि आलंच तर डबा उघडून दाखवायचाय का?"

"तुला कशातलं काही आवडतच नाही," हे म्हणाले. लग्नाच्या मांडवात रोषणाई बघून बघून माणसाचं असं होतं.

शेवटी आम्ही दोघं नगरला गेलो. दिल्ली दरवाजाच्या आतल्या एका गल्लीत कॉम्प्युटरचं दुकान. मी प्रश्न विचारले आणि दुकानदारानं सगळी उत्तरं ह्यांना दिली. मी म्हणाले, कार्डावरच्या स्क्रूच्या चार भोकांमधलं अंतर जुळायला हवं. तो ह्यांना म्हणाला, "सर, गेमिंग करता का?" मी म्हणाले, आवाज कमी हवा. तो म्हणाला, "सर, मॅडमना चांगला हेडफोन देऊन टाका ना." मग त्यानं नवीन कार्डच घ्यायचा सल्ला दिला, नंतर पाण्यानं थंड करायच्या नळ्या दाखवल्या. नळ्या बघून मला नाना आठवले. मी नको म्हणाले. आमचे हे मात्र दुकानदाराला निघताना म्हणाले, "हिलाच यातलं कळतं हो, मी फक्त गाडी चालवत आलोय." वर्षभरात ह्यांनी माझ्याबद्दल बोललेलं ते सगळ्यात मोठं वाक्य होतं, आणि ते दुकानदाराला सांगितलं.

मग मीच ठरवलं. दोन मोठे काळे पंखे, दिवा एकही नाही, पत्र्यांचा गठ्ठा विटेएवढा. असे कूलर आता जुन्या कार्डांसाठीच मिळतात. नव्या कार्डांवर कंपन्याच मोठे बसवून देतात. म्हणजे जुनं कार्ड घेण्याचा आमचा अडाणीपणा पहिल्यांदा कामाला आला. ऑनलाइन मागवला. कुरिअरवाल्यानं गावात यायला नकार दिला, म्हणून नणंद तो श्रीरामपूरहून स्कूटीवर पायाशी ठेवून घेऊन आली.

बसवायचा कुणी, हा प्रश्न होता. आमच्या ह्यांना कर्जतकडं शूटिंग होतं. नानांनी पाना आणि हातोडी घेऊन तयारी दाखवली. हातोडी बघितल्यावर मी आणि नणंदेनं आतून कडी लावून घेतली.

जुने पंखे काढले तर खाली धुळीचा आणि नानांच्या तेलाचा मिळून एक जाड थर तयार झालेला. गोवरी शोभली असती. तो खरवडला. मधल्या मुख्य चिपवर तिची उष्णता हीटसिंककडं नेणारी थर्मल पेस्ट लावायची असते. तिच्या भोवतीनं मेमरीच्या छोट्या छोट्या चिपा, त्या प्रत्येकीवर करंगळीच्या पेराएवढा पत्र्याचा तुकडा चिकटवायचा. पहिलाच तुकडा माझ्याकडून तिरका बसला. नणंदेनं माझ्या हातातून चिमटा घेतला आणि एकेक तुकडा शांतपणे बसवत गेली.

"तुला तो राहुरीचा मुलगा कसा वाटला होता गं?" मी विचारलं.

"कुणाला ठाऊक. त्याचा आवाजच ऐकला नाही."

"आमच्या आवाजामुळं."

"नाही हो वहिनी. त्यानं तोंडच उघडलं नाही." तिनं पुढचा तुकडा उचलला. "सगळे मला विचारतात, स्वयंपाक येतो का, धारा येतात का. मला त्यांना एकच विचारायचं असतं, की माझी नोकरी राहील का. पण ते मी विचारायचं नसतं म्हणे. आई म्हणते, असलं नंतर सांभाळून घेता येतं."

"मलाही तसंच सांगितलं होतं," मी म्हणाले. मग आम्ही दोघींनी उरलेले स्क्रू पिळले.

कूलर बसला, पण त्याच्या वजनानं कार्ड एका बाजूला वाकलं. नणंदेनं पर्समधून गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची डबी काढून खाली टेकू दिला. मग कॅबिनेटचं झाकण लागेना. मी सगळं मोजलं होतं, झाकणाच्या आतला फुगवटा सोडून. झाकण काढूनच ठेवलं. आणि रेंडर लावला.

काहीच झालं नाही. म्हणजे पंखे फिरत होते, आकडा पुढं सरकत होता, पण आवाज नाही. इतक्यात हॉलमधून टीव्हीतली कुठलीशी सून अशी काही किंचाळली, की आम्ही दोघी दचकलो. टीव्ही रोजच इतक्या जोरात असायचा. आज तो एकटा पडला होता.

सासूबाई दारात आल्या. "बंद पडलं का?"

"नाही आई. चालू आहे."

त्यांनी जवळ येऊन कान लावला, मग अविश्वासानं माझ्याकडं बघितलं. नानांनी पंख्यापुढं तळहात धरला आणि म्हणाले, "वारा हाय. पन दम न्हाई."

दुसऱ्या दिवशी मला कूलरची खरी किंमत कळली. मी रेंडर लावून रंग तपासत बसले होते. सासूबाई सुपात लसूण घेऊन आल्या आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलं. "रिकामीच बसलीयेस तर एवढा सोल."

"मी काम करतेय, आई."

"कुठं? आवाज तर न्हाई."

इतके दिवस तो पंखा माझ्या वतीनं ओरडून घरभर सांगत होता, की सून कामात आहे, आणि मी तोच काढून टाकला होता, तोही महिनाभर अभ्यास करून. त्या आठवड्यात मी लसूण सोलला, गहू निवडले, शेवग्याच्या शेंगा चिरल्या. एकदा परत आले तर उघड्या कॅबिनेटवर सासूबाईंनी विणलेला पांढरा रुमाल घातलेला. धूळ बसू नये म्हणून. आत कार्ड भाजून निघालं होतं. रुमाल काढला तर त्यांना राग आला. तो त्यांच्या रुखवतातला होता.

अक्षय तृतीयेच्या सुमारास दुसरे पाहुणे आले, नेवाशाकडचे. मुलगा, त्याचे आईवडील. रेंडर चालूच होता. कुणाला पत्ता नव्हता. सासूबाई समाधानानं बसल्या होत्या. शांतता इतकी, की मुलाचे वडील पोह्यातले दाणे चावत होते ते ऐकू येत होतं. नेहमीचे प्रश्न झाले. उंची विचारली, उंचीच सांगितली. धारा कुणी विचारल्या नाहीत. मग कुणालाच काही सुचेना.

त्या शांततेत नणंद म्हणाली, "मी एक विचारू का? लग्नानंतर माझी नोकरी चालू राहील ना?"

ती हळूच बोलली होती. तरी प्रत्येकाला ऐकू गेलं. ऐकलंच नाही, असं म्हणायची सोय कुणालाच उरली नव्हती. सासूबाईंचा चहाचा कप बशीवर वाजला. मुलानं आईकडं बघितलं. मुलाच्या आईनं नवऱ्याकडं. त्यांनी घास गिळला.

"बघू की मंग," मुलाची आई हसून म्हणाली. "आधी लग्न तर हूं द्या."

"मंग नको. आत्ताच सांगा ना," नणंद म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मला दुकानात सांगावं लागेल."

मुलगा पहिल्यांदा बोलला, "आमच्याकडं कुणी बायका बाहेर जात नाहीत." आणि एवढं बोलून त्यानं पुन्हा आईकडं बघितलं, बरोबर बोललो का, असं. मला त्याची दया आली. निदान त्यानं उत्तर तरी दिलं.

या वेळी निरोप आमच्याकडून गेला. नानांनी स्वतः मध्यस्थाला फोन केला. "पोरगी न्हाई म्हनती," एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं, आता घरात रान उठेल. सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. टीव्हीही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मेथीची जुडी घेऊन माझ्या खोलीत आल्या. मला वाटलं आता मेथी मांडीवर येणार. पण त्या खाली भिंतीला टेकून बसल्या आणि स्वतःच निवडायला लागल्या. पडद्यावर संगमनेरकडच्या कुठल्याशा मुलीची पाठवणी चालली होती. त्या बघत राहिल्या.

"हिची आई लई रडती गं."

"हो. ते कमी करायचंय मला. फिल्म लांबते."

"नको कमी करू." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ती म्हनली ते बरोबर हुतं का गं?"

"कोण, ताई?"

"मंग कोन?"

"बरोबरच होतं, आई."

त्यांनी दोन-तीन काड्या मोडल्या. "माझ्या टायमाला मला शिवनकामाचा क्लास काढायचा हुता. मशीन आनलं हुतं माहेराहून. इच्यारायचं ऱ्हाऊन गेलं." मग माझ्याकडं न बघता पुढं म्हणाल्या, "आता कुठं इच्यारायचं."

मी मेथीची अर्धी जुडी ओढून घेतली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून परत आपल्या पुढ्यात ठेवली. "तू तुझं काम कर. चालू हाय का ते?"

"चालू आहे."

"मंग ते मागं घे जरा. तिची साडी बघायची ऱ्हायली."

मी मागं घेतलं. साडी मोरपंखी होती. सासूबाईंना ती आवडली नाही.